फेटा एकाला आणि उभे राहणे दुसऱ्याला

आज नाशिकच्या मुंबई नाक्याजवळच्या एका हॉटेलच्या सभागृहात शेतीऔषधांच्या एका कंपनीची सप्टेंबरअखेरची बैठक होती आणि पहिल्या सत्राला आम्हा कृषी सेवा केंद्रवाल्यांनाही बोलावले होते. ज्या विक्री प्रतिनिधीची विक्री सर्वांत जास्त, त्याला व्यासपीठावर फेटा बांधला. ज्याची सर्वांत कमी, त्या चोवीस-पंचवीस वर्षांच्या मुलाला जागेवर उभे करून, "तू पगार कशाचा घेतोस?" असे सत्तर-ऐंशी माणसांदेखत विचारले. तो मुलगा पुढचा पाऊण तास उभाच होता. जेवणाच्या वेळी तो मला पार्किंगमध्ये दिसला. मोटारसायकलला टेकून तो हेल्मेटच्या पट्ट्याचे बक्कल लावत होता, काढत होता आणि पुन्हा लावत होता.

घरी आल्यापासून मला दुसरे काही सुचत नाही, म्हणून लिहितो आहे. सतरा वर्षे मी हीच नोकरी केली आहे. फेटाही बांधून घेतला आहे आणि उभाही राहिलो आहे.

पिंपळगाव बसवंतच्या पुढे महामार्ग सोडून आत गेल्यावर एका द्राक्ष बागायतदारांची बाग आहे. सगळा गाव त्यांना नाना म्हणतो. एका बुरशीनाशकासाठी मी त्यांच्याकडे आठ वेळा गेलो आणि आठही वेळा नानांनी नको म्हटले. प्रत्येक वेळी परतताना वाटायचे की हा माणूस मला कवडीची किंमत देत नाही. महिनाअखेर जवळ आली की तो राग मी घरी नेत असे. माझी मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. मी आत आलो की ती माझ्याशी न बोलता स्वयंपाकघरात जाऊन आईला विचारायची, "आज टीव्ही लावला तर चालेल का?" हे वाक्य आजही आठवले की मला माझी लाज वाटते.

नवव्या खेपेला मी पहिल्यांदाच नानांना, का नको, असे नीट विचारले. त्यांनी फवारणीची वही काढून पुढे ठेवली. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश सापडले म्हणून युरोपने आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडवले होते, हे नाशिक जिल्ह्यात कोणाला सांगायला नको. नानांचा माल निर्यातीला जात असे. त्या वर्षापासून त्यांनी नियम केला होता की कोणतेही नवे औषध घेण्याआधी पुण्याजवळच्या मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राच्या यादीत त्याचे नाव पाहायचे, काढणीआधी किती दिवस फवारणी बंद ठेवावी लागते ते पाहायचे आणि मगच बाटलीला हात लावायचा. त्या आठ नकारांत माझा काही संबंधच नव्हता. आठ वेळा मी घडीपत्रिका वाचून दाखवली होती आणि त्यांच्या मनातल्या एकमेव प्रश्नाचे उत्तर एकदाही दिले नव्हते. यादीतले नाव आणि फवारणी बंद ठेवायचे दिवस लिहिलेला कागद घेऊन गेलो तेव्हा नानांनी दोन ओळींवर फवारून पाहायला परवानगी दिली.

त्या मुलालाही हेच कोणीतरी सांगायला हवे होते. नकार कशाला आहे, मालाला, किमतीला, वेळेला की उधारीच्या अटींना, हे तो उभा राहिला असताना त्याला एकाही वरिष्ठाने विचारले नाही. विचारणार तरी कोण? सगळ्यांचे डोळे पडद्यावरच्या आकड्याला चिकटलेले होते.

टार्गेटशिवाय कंपनी चालत नाही, हे मलाही कळते आणि काही मुले खरोखर टंगळमंगळ करतात, हेही मान्य. पण कामचुकार मुलाला खोलीत बोलावून खडसावता येते. त्याला सत्तर माणसांसमोर उभे करून कोणते औषध खपते?

आता त्या फेट्याबद्दल. खरे सांगायचे तर मला काळजी फेटा बांधलेल्या मुलाचीच अधिक वाटते.

2013 च्या हंगामात आमच्या विभागात मी पहिला आलो. फेटा झाला, शाल झाली, कॉलेज रोडवरून पेढ्यांचा पुडा घेऊन घरी गेलो. त्यानंतरचे दोन महिने मी एकाही बागेत उतरलो नाही. माझी विक्री म्हणजे काय होते? दुकानदारांच्या गोदामात उधारीवर उतरवलेल्या पेट्या. प्लेसमेंट झाली म्हणजे विक्री झाली असे नसते, शेतकऱ्याच्या हातात बाटली जाते तेव्हा ती होते, हे या धंद्यातले पहिले वर्ष संपेपर्यंत प्रत्येकाला कळते. मलाही कळत होते. पण फेटा बांधलेल्या माणसाला ते ऐकायचे नसते. मार्च 2014 मध्ये गारपीट झाली. निफाड तालुक्यातल्या बागांत घड जमिनीवर आणि काड्या सोललेल्या. शेतकऱ्याकडून दुकानदाराची उधारी येईना, दुकानदाराकडून माझी वसुली होईना आणि जूनपर्यंत निम्म्या पेट्या कंपनीकडे परत आल्या. ज्या सभागृहात फेटा बांधला होता त्याच सभागृहात मला उभे केले. माणसेही तीच होती. मी काही आठ महिन्यांत हुशारीतून मूर्खपणात गेलो नव्हतो, पण त्यांनी ऑक्टोबरमध्ये मला जे सांगितले ते मी खरे मानले होते, म्हणून जूनमध्ये जे सांगितले तेही खरे मानावे लागले.

मधल्या काळातला एक दिवस मी विसरू शकत नाही. गारपिटीनंतर चौथ्या-पाचव्या दिवशी, विकायला काही नव्हते आणि तोंड दाखवायची लाज वाटत होती तरी, मी नानांकडे गेलो. ते बागेत कात्री घेऊन मोडलेल्या काड्या कापत होते. त्यांचा मुलगा ड्रममध्ये मोरचूद आणि चुना कालवून बुरशी रोखणारे बोर्डो मिश्रण करत होता. वर्षाचे पीक गेले होते. मी काहीतरी सांत्वनाचे बोलू लागलो तेव्हा नाना कात्री न थांबवता म्हणाले, "माल गेला तरी एप्रिलची छाटणी आहे आणि माल चांगला आला असता तरी ती होतीच. ज्या काडीने भरभरून दिलं तीही कापावी लागते, भाऊ."

द्राक्षाची ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो. एप्रिलच्या खरड छाटणीत वेलीचा सगळा विस्तार उतरवतात. नव्या फुटलेल्या काडीच्या डोळ्यांत पुढच्या दीड-दोन महिन्यांत सूक्ष्म घड तयार होतो. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर तो घड बाहेर पडतो तेव्हा लोक त्याला यंदाचे पीक म्हणतात. नानांकडे मारलेल्या माझ्या आठ खेपाही उन्हाळ्यातल्या त्या न दिसणाऱ्या घडासारख्याच होत्या, हे मला त्या दिवशी बागेत उभे असताना उमगले.

शेतकऱ्याच्या पोटावरच्या संकटाची आणि पगारदार माणसाच्या अपमानाची बरोबरी होत नाही, असे कोणी म्हणेल. होत नाहीच. तरीही मला ज्याने सावरले तो तोच दिवस होता, म्हणून तोच सांगतो.

त्यानंतर मी एक वही सुरू केली. रोज किती जणांना भेटलो, कोणी का नको म्हटले, कोणाकडे पुन्हा कधी जायचे, एवढेच तिच्यात असे. विक्रीचा आकडा मी तिच्यात कधी लिहिला नाही, चांगल्या महिन्यातही नाही. आणि घरात शिरण्यापूर्वी ती वही स्कूटरच्या डिकीत ठेवायची, हा नियम शेवटच्या दिवसापर्यंत पाळला. मुलीने टीव्हीबद्दल विचारणे कधी बंद केले ते माझ्या लक्षातही आले नाही.

लिहायला बसलो तेव्हा त्या व्यवस्थापकाला चार खडे बोल सुनवायचे ठरवले होते. आता तितका राग उरलेला नाही. बहुधा त्यालाही वरच्या बैठकीत कोणीतरी उभे करत असेल. पण तो अपमान खाली उतरवण्याचा अधिकार त्याला कोणी दिला, हा प्रश्न मी सोडणार नाही आणि पुढच्या वेळी डीलर म्हणून उठून तो विचारणार आहे.

त्या मुलाचा नंबर घेतला आहे. नानांकडे उद्यापासून छाटणी सुरू होते आहे. सकाळी सात वाजता आम्ही दोघे तिकडे जाणार आहोत. सॅम्पलची बॅग घरी ठेवून ये, एवढेच त्याला सांगितले आहे.