‘थोडं थोडं द्या, सवय होते’: ॲलर्जीवरच्या एका मेसेजला उत्तर

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार जणांनी पाठवला. चौघंही जवळचे. माझ्या भाचीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे हे त्यांना ठाऊक आहे आणि काळजीपोटीच त्यांनी तो पुढे धाडला, त्यामुळे त्यांच्यावर माझा राग नाही. राग आहे तो मजकुरावर. तो थोडक्यात असा:

“ॲलर्जी म्हणजे कमजोर प्रतिकारशक्ती, ती वाढवा. ज्याची ॲलर्जी आहे तेच थोडं थोडं खाऊ घाला, शरीराला सवय होते. रक्ताच्या एका तपासणीत सगळी वावडी कळतात. गोळ्यांची सवय लागते, त्याऐवजी रोज चमचाभर मध घ्या. इतकी वर्षं पचलेलं आता बाधत नाही. आणि काही झालंच तर एक गोळी देऊन निजवा, तासाभरात उतरतं.”

यातल्या दोन वाक्यांपायी आमच्या घरातली एक पोर हातची जाता जाता वाचली आहे. म्हणून एकेक वाक्य घेऊन उत्तर देतो.

‘कमजोर प्रतिकारशक्ती’पासून सुरुवात करू. प्रतिकारशक्ती खरोखर कमी असलेल्या माणसाला जंतुसंसर्ग पुन्हा पुन्हा होतात. ॲलर्जी असलेल्याचं तसं नसतं. त्याची यंत्रणा नीट चालते, पण निरुपद्रवी गोष्टीवर तुटून पडते. व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी 1906 साली ‘ॲलर्जी’ हा शब्द घडवला तो ‘बदललेली प्रतिक्रिया’ या अर्थाने. दुबळेपणाशी त्याचा संबंध नव्हता. पहिल्या संपर्कात बहुधा काहीच दिसत नाही. त्या वेळी शरीर त्या पदार्थाविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार करतं आणि ती त्वचा, नाक, श्वासनलिका, आतडं इथल्या मास्ट पेशींवर जाऊन बसतात. पुढच्या खेपेला तोच पदार्थ आला की या पेशी हिस्टामाइन आणि इतर रसायनं एकदम बाहेर टाकतात. खाज, गांधी, सूज, शिंका, धाप हे सगळं त्या रसायनांचं काम. म्हणजे मेसेजवाले जे वाढवायला सांगतात, ते इथे आधीच अति झालेलं आहे. उपचारांची दिशा तर बरोबर उलटी असते: ओमालिझुमॅब हे इंजेक्शन रक्तातलं आयजीई पकडून ठेवतं, म्हणजे ते पेशींपर्यंत पोहोचतच नाही.

आता ते ‘थोडं थोडं’. या वाक्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण ते अर्धं खरं आहे आणि म्हणूनच जास्त घातक आहे.

ॲलर्जीच्या पदार्थाची मात्रा हळूहळू वाढवत शरीराला सहनशीलता शिकवता येते, हे खरं. लंडनमध्ये लेनर्ड नून यांनी 1911 साली गवताच्या परागांचा अर्क टोचून हा प्रयोग मांडला आणि आजची इम्युनोथेरपी त्याच वाटेने आली. मधमाशी किंवा गांधीलमाशीच्या दंशाने ज्यांचा जीव धोक्यात येतो, त्यांच्यासाठी तर हा उपचार फार गुणकारी ठरला आहे. 2015 साली ‘लीप’ या अभ्यासाचे निष्कर्ष आले, त्यांनी तर ‘लहान बाळांना शेंगदाणा देऊच नका’ हा बालरोगतज्ज्ञांचा जुना सल्लाच फिरवला. तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली 4 ते 11 महिन्यांची 640 बाळं त्यात होती. काहींना शेंगदाण्याचे पदार्थ नियमित दिले, काहींना पाच वर्षं अजिबात दिले नाहीत. ज्यांची त्वचेची चाचणी सुरुवातीला कोरी होती, त्यांच्यापैकी न खाणाऱ्यांत 13.7 टक्के मुलांना पाचव्या वर्षी ॲलर्जी निघाली, खाणाऱ्यांत 1.9 टक्के.

मेसेज लिहिणाऱ्याने बहुतेक हेच कुठेतरी अर्धवट ऐकलं असावं. पण या बाळांना शेंगदाण्याची ॲलर्जी अजून झालेली नव्हती! ज्यांच्या त्वचेवर चाचणीत मोठी गांध उठली त्यांना अभ्यासात घेतलंच नव्हतं. ॲलर्जी होऊ नये म्हणून लवकर खाऊ घालणं ही एक गोष्ट. झालेली असताना घरच्या घरी भरवणं ही पूर्ण वेगळी गोष्ट.

झालेल्या ॲलर्जीवरही तोंडावाटे देण्याचा उपचार आहे. तो कसा असतो हे आकड्यांत सांगतो, म्हणजे ‘थोडं’ या शब्दाचा अर्थ कळेल. 2020 साली अमेरिकेत शेंगदाण्याच्या ॲलर्जीसाठी मोजक्या मात्रेची भुकटी औषध म्हणून मान्य झाली. तिचा पहिला डोस शेंगदाण्यातल्या प्रथिनाचा अर्धा मिलिग्रॅम असतो. एका दाण्यात साधारण 250 ते 300 मिलिग्रॅम प्रथिन असतं. म्हणजे प्रेमाने भरवलेला अर्धा दाणा हा त्या पहिल्या डोसाच्या अडीचशे-तीनशे पट झाला. तो अर्धा मिलिग्रॅमसुद्धा दवाखान्यात देतात, मात्रा वाढवायची तर तीही तिथेच, आणि नंतर मुलाला बसवून ठेवतात. काल पचलेली मात्रा आज ताप असताना किंवा धावपळ केल्यावर बाधू शकते. एवढं करूनही बहुतेकांची ॲलर्जी जात नाही. चुकून एखादा कण पोटात गेला तर जीव वाचावा, इतकी उसंत मिळते.

भाची चार वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. आमच्या मावशीने, म्हणजे तिच्या मावशीआजीने, नखाएवढा तुकडा तिच्या जिभेवर ठेवला. “सवय नको का व्हायला?” मावशीचा जीव आहे तिच्यावर, यात तिळमात्र शंका नाही. मी समोरच बसलो होतो आणि काय दिलं ते मला कळलंही नाही. पोरीने आधी तळहात चड्डीला घासायला सुरुवात केली. मग कान ओढायला लागली. गळ्याभोवती लाल गांधी उठल्या, आवाज घोगरा झाला, कोरडा खोकला सुरू झाला. पुढचं नंतर सांगतो, कारण मेसेजचं शेवटचं वाक्य त्याच्याशीच जोडलेलं आहे.

‘एका तपासणीत सगळी वावडी कळतात.’ वावडं हा आपला शब्द फार ऐसपैस आहे. दुधाने पोट फुगतं तेही वावडं, एखादी भाजी आवडत नाही तेही वावडं आणि ज्याने घसा सुजून श्वास कोंडतो तेही वावडंच. दूध पिऊन पोट फुगणं हे बहुधा लॅक्टोज ही दुधातली साखर पचवणारं विकर कमी असल्याने होतं. त्यात त्रास आहे, जिवाला धोका नाही. दुधातल्या प्रथिनाची ॲलर्जी ही निराळी आणि तिथे धोका आहे. तीच गत ‘पित्त’ या शब्दाची. अंगावर पित्त उठलं म्हटलं की लोक आम्लपित्ताची गोळी शोधतात. त्वचेवरच्या त्या गांधींचा पोटातल्या आम्लाशी काही संबंध नाही.

शे-दोनशे पदार्थांची यादी देणाऱ्या ज्या तपासण्या विकल्या जातात, त्यांतल्या पुष्कळ आयजीई नव्हे, तर आयजीजी हे दुसऱ्या प्रकारचं प्रतिपिंड मोजतात. आयजीजी वाढलेलं असणं म्हणजे तुम्ही तो पदार्थ खाता, इतकंच. ॲलर्जीच्या निदानासाठी ती वापरू नये, असं युरोप आणि अमेरिकेतल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांनी स्पष्ट सांगितलं आहे. आयजीईची तपासणी कामाची असते, पण तिचाही होकार म्हणजे ॲलर्जीवर शिक्कामोर्तब नव्हे. भाचीची त्वचेची चाचणी झाली तेव्हा मी तिचा हात धरून होतो. मनगटापासून कोपरापर्यंत पेनने आकडे लिहिले, प्रत्येक आकड्याशेजारी एकेक थेंब ठेवला आणि त्या थेंबातून बारीक टोकाने हलकं टोचलं. पंधरा मिनिटं खाजवायचं नाही, हीच खरी परीक्षा. मग पट्टीने मोजमाप झालं. 3 मिलिमीटर किंवा त्याहून मोठी गांध असेल तर चाचणी होकारार्थी धरतात. शेंगदाण्याची गांध चांगली मोठी होती, पण अंड्याच्या थेंबाजवळही छोटी उठली होती. ताई घाबरली. डॉक्टरांनी विचारलं, “अंडं खाते का?” रोज खाते, काही होत नाही. “मग चालू ठेवा.” मेसेजच्या हिशेबाने तिचं अंडंही बंद झालं असतं. विनाकारण बंद केलेला पदार्थ पुढे खरंच बाधू लागल्याची उदाहरणं आहेत, शिवाय वाढत्या मुलाच्या ताटातून पोषण जातं ते वेगळंच. खाल्ल्यावर नेमकं काय होतं, ही हकिगत कुठल्याही यादीपेक्षा मोलाची. शंका उरलीच तर देखरेखीखाली प्रत्यक्ष खाऊ घालून पाहतात.

गोळ्यांच्या सवयीबद्दल. सेटिरिझिन, लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन यांसारख्या नव्या गोळ्यांचं व्यसन लागत नाही. जुन्या पिढीतल्या गोळ्यांनी गुंगी येते, हे खरं. त्या घेऊन गाडी चालवू नये. ‘सवय लागते’ ही समजूत मला वाटतं नाक मोकळं करणाऱ्या थेंबांवरून आली असावी. झायलोमेटाझोलिनसारखे थेंब काही दिवसांपेक्षा जास्त वापरले की परिणाम ओसरताच नाक पहिल्यापेक्षा जास्त चोंदतं आणि माणूस पुन्हा बाटलीकडे वळतो. नाकात मारायचे स्टिरॉइडचे फवारे वेगळे. ते रोज मारायचे असतात आणि त्यांचा पूर्ण गुण यायला काही दिवस लागतात. दोन दिवस मारून ‘उपयोग नाही’ म्हणत टाकून देणारे खूप भेटतात.

मधाचं म्हणाल तर मधमाशी ज्या फुलांवर बसते त्यांचे पराग जड, चिकट असतात. नाक वाहायला लावतात ते बहुतांशी गवतं आणि झाडांचे हलके, वाऱ्यावर उडणारे पराग. मधात ते नगण्य. आणि एक वर्षाखालच्या बाळाला मध देऊच नये, बॉट्युलिझम या जिवावर बेतणाऱ्या विषबाधेचा धोका असतो. मेसेजमध्ये याबद्दल अवाक्षर नाही.

‘नुसती सर्दीच तर आहे’ म्हणणाऱ्यांसाठी मेलबर्नचं उदाहरण देतो. 21 नोव्हेंबर 2016 च्या संध्याकाळी तिथे वादळ आलं. ओलाव्याने गवताचे परागकण फुटून त्यांचे अतिसूक्ष्म तुकडे झाले आणि थेट फुप्फुसात गेले. हजारो लोक धापा टाकत रुग्णालयांत पोहोचले, दहा जण दगावले. त्या रात्री त्रास झालेल्यांत असे पुष्कळ होते, ज्यांना तोवर दमा नव्हता. होती ती परागांची सर्दी. नाक आणि फुप्फुसं ही एकाच वाटेवरची ठिकाणं आहेत. म्हणून नाकाच्या ॲलर्जीचं कारण शोधून काढणं फायद्याचं. धुळीतले माइट, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव, असतील तर चादरी-उशांचे अभ्रे आठवड्याला साठ अंशांच्या पाण्यात धुणं आणि खोलीतला दमटपणा पन्नास टक्क्यांखाली ठेवणं उपयोगी पडतं. मांजर असेल तर दोष केसांचा नसतो. तिच्या लाळेतलं आणि त्वचेतलं प्रथिन बाधतं, आणि मांजर गेल्यावरही ते कित्येक महिने घरात टिकतं.

‘इतकी वर्षं पचलेलं बाधत नाही’ हेही चूक. कोळंबी-खेकड्यासारख्या कवचधारी जलचरांची ॲलर्जी अनेकांना मोठेपणीच होते. उलटही घडतं: दूध-अंड्याची ॲलर्जी पुष्कळ मुलांची वयाबरोबर जाते, आणि ‘पेनिसिलिनची ॲलर्जी’ असं कागदावर लिहिलेल्या दहातल्या नऊहून अधिक जणांना तपासणीनंतर ते औषध चालतं, असं आढळलं आहे. जुनी नोंद तज्ज्ञांकडून पुन्हा तपासून घ्यावी.

आता शेवटचं वाक्य. ‘एक गोळी देऊन निजवा.’

आवाज घोगरा झाल्यावर ताईने मावशीला एकच प्रश्न विचारला, “काय दिलंस?” उत्तर ऐकताच तिने पिशवीतून ॲड्रेनॅलिनचं पेन, म्हणजे घरच्यांनाही देता येईल असं तयार इंजेक्शन, काढलं. तोवर पोरगी गप्प झाली होती. रडणं थांबलं, खोकला थांबला. मावशी म्हणाली, “बघ, शांत झाली.” ती शांत झाली नव्हती. रडायला लागतो तेवढा श्वास तिच्यात राहिला नव्हता. ताईने मांडीच्या बाहेरच्या बाजूला, कपड्यावरूनच, पेन टेकवून दाबलं आणि मोठ्याने आकडे मोजले. मी रुग्णवाहिकेला फोन लावला. काही मिनिटांत पोर रडायला लागली. इतकं बरं वाटणारं रडणं मी आयुष्यात ऐकलेलं नाही.

गोळीने खाज आणि गांधी कमी होतात. सुजलेला घसा, आवळलेली श्वासनलिका आणि घसरलेला रक्तदाब तिला आवरत नाही, शिवाय तिला वेळ लागतो. ते काम ॲड्रेनॅलिनच करतं, आणि उशीर झाला तर तेही कमी पडू शकतं. त्वचेबरोबर श्वास, आवाज किंवा शुद्ध यांपैकी काही बिघडलं, किंवा ठाऊक असलेल्या ॲलर्जीचा पदार्थ पोटात गेल्यावर श्वास लागला, चक्कर आली, की थांबायचं नाही. पेन द्यायचं, लगेच मदत बोलवायची, फोनवर ‘ॲनाफिलॅक्सिस’ (जिवावर बेतणारी तीव्र ॲलर्जी) हा शब्द उच्चारायचा. माणसाला आडवं करून पाय वर ठेवायचे. धाप लागली असेल तर बसतं ठेवायचं. उभं करायचं नाही, चालवायचं तर मुळीच नाही. पाच मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरं पेन. म्हणून दोन जवळ ठेवायची आणि त्यांवरची मुदतीची तारीख पाहत राहायची.

आणि उतरलं म्हणून लगेच घरी आणायचं नाही. काही तासांनी त्रास उलटून येऊ शकतो. भाचीला रुग्णालयात थांबवून घेतलं तेव्हा ‘आता बरी आहे, नेऊया’ म्हणणारा मीच होतो. तिथल्या परिचारिकेने मला नकार दिला. रात्री साडेनऊच्या सुमारास पोरीच्या पोटावर पुन्हा गांधी उठल्या, तेव्हा आम्ही तिथेच होतो.