ट्रायल्स नकोत, चौदा जण हवेत

आमच्या कॉलेजच्या वॉटर पोलो (पाण्यात पोहत बॉल गोलमध्ये मारायचा खेळ) क्लबला दुसरं वर्ष लागलं आणि परवा परत तोच प्रश्न, "सर, ट्रायल्स कधी?" नाही घेत बाबा. गेल्या वर्षी घेतल्या होत्या, पस्तावलो.

झालं असं की तेव्हा मीपण हुशारी केली. पाण्यात ७ जण उतरतात, ६ आणि १ गोलकीपर, म्हणजे चांगले १० निवडू, बाकीच्यांचं नंतर बघू. २२ आले होते. स्टॉपवॉच काढलं, १०० मीटर पोहायला लावलं, वरचे १० घेतले आणि बाकीच्यांना थँक्यू म्हटलं. पंधरा दिवसांत त्या १० मधले ७ च उरले, कुणाचं प्रॅक्टिकल, कुणाला सर्दी, आणि आम्हाला पूल मिळतो रात्री साडेनऊला, स्विमिंग टीमचं आटोपलं की. आता ७ जणांत सराव काय डोंबल करणार? सेंटर फॉरवर्डच्या, म्हणजे समोरच्या टीमच्या गोलपुढे ठाण मांडणाऱ्याच्या, पाठीवर कुणी लटकलेलंच नसेल तर तो शिकणार काय, मोकळ्या पाण्यात बॉल कुणीही मारतं. सरावाला दोन टीम लागतात म्हणजे १४ माणसं लागतात, हे गणित चौथीतल्या पोरालाही जमलं असतं.

आणि ते वेगात पोहणारे, त्यांची वेगळीच गंमत. स्विमर पाण्यात आडवा, डोकं खाली. आमच्याकडे डोकं वर, नजर बॉलवर आणि अर्धा वेळ उभं राहायचं, तेही तळाला पाय न लावता. एका पोराने १०० मीटरला सगळ्यांना धुतलं होतं, तो पहिल्याच दिवशी बॉलच्या वरून पोहत सुसाट पुढे गेला, भिंतीला हात लावला आणि मग वळून बघतोय बॉल कुठाय.

सगळा खेळ एगबीटरवर आहे. अंडी फेटायच्या यंत्राची पाती फिरतात तसे दोन्ही पाय गुडघ्यापासून आळीपाळीने गोल फिरवायचे. ब्रेस्टस्ट्रोकची किक दोन्ही पायांनी एकदम बसते म्हणून माणूस वरखाली होत राहतो, इथे एक पाय कायम पाणी दाबत असतो त्यामुळे खुर्चीत बसल्यासारखं स्थिर राहता येतं. आधी काठावर बसवून पाय फिरवून घेतो, मग खोल पाण्यात, मग हात पाण्याबाहेर. मिनिटाभरात एकेकाचे चेहरे बघण्यासारखे होतात. हे अंगवळणी पडायला महिने जातात. ट्रायल्सच्या दिवशी कुणालाच येत नसतं, मग मोजताय काय?

आमची आत्ताची गोलकीपर १०० मीटरला शेवटून दुसरी आली होती. मीच तिला नाही म्हटलं होतं. माणसं कमी पडायला लागली तेव्हा दीड महिन्याने फोन करून बोलावलं, जरा ओशाळूनच. गोल ३ मीटर रुंद, पाण्यापासून ९० सेंटीमीटर उंच, तिथे वेग कशाला हवाय, कमरेपर्यंत पाण्याबाहेर येता आलं पाहिजे. पहिल्याच आठवड्यात दोन्ही हात वर करून अशी काही उठली की शॉट मारणारा पोरगा बॉल हातात धरून तसाच थांबला.

तसंही फक्त घड्याळ लावून निवडलं की सगळ्यात आधी मुली गळतात. पुरुषांचा वॉटर पोलो १९०० मध्ये ऑलिम्पिकला आला, बायकांचा थेट २००० मध्ये. १०० वर्षं उशीर झालाच आहे, त्यात माझ्या स्टॉपवॉचची भर कशाला.

पहिली फ्रेंडली मॅच ९ जणांनी खेळलो, मुलंमुली मिळून. ८-८ मिनिटांचे ४ क्वार्टर ऐकायला किरकोळ वाटतात, पण खेळ थांबला की घड्याळही थांबतं, संपता संपत नाही. त्यात एकाचे तीन मेजर, म्हणजे मोठे, फाऊल झाले की तो खेळाडू उरलेल्या मॅचला बाद. तिसऱ्या क्वार्टरपर्यंत आमचे दोघे बाहेर, बदलीला काठावर कुणी नाही. १७-३ हरलो. शेवटी शेवटी आमचा एक जण गोलपोस्टला धरून लटकला, रेफरीने शिट्टी मारली तर हा म्हणतो, "सर, फक्त एक मिनिट."

स्पोर्ट्सवाले म्हणतात क्वालिटी हवी, हंगेरी बघा. अहो, हंगेरीच्या पुरुषांची ऑलिम्पिकची ९ सुवर्णं आहेत, तिथे पोरं लहानपणापासून क्लबात बॉल मारतात, त्यांच्याकडे निवडायला काहीतरी आहे! आमच्याकडे अठरा वर्षांचा पोरगा आयुष्यात पहिल्यांदा हा बॉल हातात घेतोय, त्याला पहिल्याच दिवशी नापास करायचं?

तर यंदा येईल तो राहील. फक्त खोल पाण्यात न घाबरता तरंगता यायला हवं, नसेल येत तर आधी दोन महिने पोहायला शिका आणि मग या, जागा ठेवतो. मंगळवार आणि गुरुवार, रात्री साडेनऊ. आणि नखं कापून या, मॅचला रेफरी तपासतात, सरावाला मी तपासतो.