बधिरपणाही आघाताचाच

मानसिक आघातानंतर माणूस ‘अतिभावनाशील’ होतो, हे आघाताच्या परिणामांवरील तुमच्या लेखातील विधान मला अपुरे वाटते, कारण त्याच आघाताने काहींच्या भावना बधिरही होतात. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेश विसर्जन आटोपून गावे झोपलेली असताना, पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. त्यातून वाचलेली माझी मावशी मुलीच्या पाठवणीला कोरड्या डोळ्यांनी उभी होती, आणि घरावरून जड ट्रक गेल्याने मांडणीवरची भांडी किणकिणली की मात्र ती आजही पुढचे ताट सोडून अंगणात धावते. आम्ही तिला दगडाच्या काळजाची म्हणत असू (त्यात मीही होतो).

मेंदूतील अमिग्डाला धोक्याचा इशारा देतो, कपाळामागील प्रीफ्रंटल कॉर्टेक्स त्याला आवर घालतो आणि हिप्पोकॅम्पस प्रसंगाला स्थळकाळाची जोड देतो; ही साखळी विस्कटली की भांड्यांचा आवाज जुनी आठवण म्हणून न येता चालू संकट म्हणून येतो. बधिरतेत याउलट कॉर्टेक्सचा आवर प्रमाणाबाहेर घट्ट होतो, असे काही संशोधक मानतात, आणि २०१३ च्या ‘डीएसएम-५’ या मनोविकारांच्या निदानाच्या अमेरिकी पुस्तिकेत अशा रुग्णांसाठी आघातोत्तर तणाव विकाराचा (पीटीएसडी) वेगळा उपप्रकारच नोंदवला आहे.

आघाताने हिप्पोकॅम्पस आक्रसतो, हेही लेखात फार ठामपणे आले आहे. व्हिएतनाम युद्धातील सैनिक आणि त्यांचे जुळे भाऊ यांच्या २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, हा विकार जडलेल्या सैनिकांच्या युद्धावर न गेलेल्या भावांचाही हिप्पोकॅम्पस लहान आढळला होता; म्हणजे तो आघाताआधीपासूनच लहान असू शकतो.