चतुर्भुज मंदिरातलं शून्य आणि खडूचा तुकडा

‘शून्याचा जन्म आपल्या ग्वाल्हेरच्या किल्ल्यात! इंग्रजांनी शिलालेख खरवडून पुरावा लपवला, पण ऑक्सफर्डच्या परिषदेने 2017 मध्ये अखेर मान्य केलं. आर्यभटाचं शून्य अरबांनी चोरलं. किल्ल्यावर जा, लेखावर खडू फिरवा, शून्य आपोआप उमटेल, फोटो काढून 10 जणांना पाठवा.’ हा मजकूर सध्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांच्या ग्रुपवर फिरतो आहे. आमच्याकडे तो काकांनी टाकला आणि दुसऱ्या दिवशी पाचवीतल्या भाचीच्या प्रकल्पाच्या वहीत जसाच्या तसा उतरला. सोबत फोटो आहे तेली मंदिराचा. शून्याचा लेख त्या मंदिरात नाहीच, तो त्याच किल्ल्यावरच्या चतुर्भुज मंदिरात आहे.

आधी खडू, कारण बाकीच्या चुकांनी डोकं बिघडतं, खडूने भिंत बिघडते. चतुर्भुज मंदिर एकाच खडकात कोरलेलं आहे. दगड वालुकाश्म, म्हणजे सच्छिद्र. खडूची भुकटी अक्षराच्या खाचेत तर बसतेच, पण शेजारच्या खळग्यात, टवक्यात, भेगेतही बसते. त्यामुळे फोटोत जे ‘उमटतं’ ते बऱ्याचदा खडू फिरवणाऱ्याच्या मनातलं असतं. ज्याला गोल हवा आहे, तो गोलच भरतो. मग पुढचा माणूस ओल्या फडक्याने पुसतो आणि दगडाचे सुटलेले कण फडक्याबरोबर निघून येतात. अशा दहा भेटींनंतर खाचेची कड बोथट होते आणि कडेच्या सावलीवरच तर वाचन चालतं. तेल-शेंदूर लावणाऱ्यांबद्दल बोलायलाच नको, ते भोकांत मुरतं ते कायमचं. शिवाय हे संरक्षित स्मारक आहे. 1958 च्या कायद्यात 2010 साली झालेल्या दुरुस्तीनंतर अशा वास्तूला इजा पोहोचवल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. काका, हे तुम्ही पुतण्यांना करायला सांगताय!

लेख वाचायला प्रकाश पुरतो. टॉर्च समोरून मारायचा नाही. भिंतीला जवळजवळ चिकटवून बाजूने तिरका धरायचा, म्हणजे प्रत्येक खाचेची एक कड उजळते आणि दुसरी काळी पडते. कॅमेरा एका जागी ठेवून टॉर्च डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून असे चार फोटो घ्यायचे. खरी खाच चारही फोटोंत जागेवर राहते, डाग मात्र सावली टाकत नाही. ओला कागद ब्रशने ठोकून वरून शाई लावून ठसा घेण्याची जुनी पद्धतही आहे, पण ते पुरातत्त्व खात्याच्या परवानगीने आणि शिकलेल्या हातानेच करायचं काम.

आता ‘इंग्रजांनी लपवलं’. या मंदिरात दोन लेख आहेत. एक विक्रम संवत 932 चा, दुसरा 933 चा, म्हणजे इसवी सन 875 आणि 876. दोन्ही लेख शिलालेखांचे अभ्यासक हुल्ट्श यांनी 1892 मध्ये ‘एपिग्राफिया इंडिका’ या शिलालेखांच्या सरकारी प्रकाशनाच्या पहिल्याच खंडात वाचनासह छापले. सरकारी खर्चाने. लपवायची ही तऱ्हा अजबच म्हणायची.

आणि लेखात आहे काय? हिशेब. प्रतिहार राजा भोजदेवाच्या काळात किल्ल्याचा कोटपाल, म्हणजे किल्लेदार, अल्ल याने हे मंदिर बांधलं. फुलबागेसाठी गावाने 270 हात लांब, 187 हात रुंद जमीन दिली. देवाला रोज 50 माळा माळ्यांनी द्यायच्या. तेलाच्या घाण्यांकडून दिव्यासाठी तेल. हात दीड फुटाचा धरला तर बाग 405 फूट बाय 280 फूट, अडीच एकरांहून थोडी जास्त. शून्य येतं ते 270 मध्ये आणि 50 मध्ये, इतर अंकांपेक्षा बारीक अशा वर्तुळाने. 187 मध्ये ते नाही, 933 मध्येही नाही. ज्या गावात माळ्यांच्या माळा मोजायला शून्य लागतं, तिथे ते काल जन्मलेलं नसतं. कोरणाऱ्याने ते समजावून सांगितलेलं नाही, कारण वाचणाऱ्याला ते ठाऊक होतं. ग्वाल्हेरची खरी मिजास करायची तर याची करावी: शून्य इथे तोवर बाजारात मुरलं होतं.

‘जगातलं पहिलं’ मात्र सोडा. कंबोडियात मेकाँगकाठच्या संबोर इथल्या लेखात शक 605, म्हणजे इसवी सन 683, हे वर्ष मधल्या ठिपक्यासह कोरलेलं आहे. ग्वाल्हेरपेक्षा 193 वर्षं आधीचं. तिथली कालगणना शकाची, म्हणजे अंकपद्धती कुठून गेली असेल हे सांगायला नको, पण दगड तिथला आहे. भारतात याहून जुने म्हणून काही ताम्रपट दाखवले जातात. अडचण अशी की ताम्रपट हलवता येतो आणि जमिनीच्या हक्कासाठी नंतर बनवलेले खोटे ताम्रपट सापडलेले आहेत. खडकात कोरलेली भिंत कोणी पिशवीत घालून नेत नाही, म्हणून भारतातलं निर्विवाद तारखेचं शून्य सांगताना ग्वाल्हेरचं नाव येतं. ‘जन्म’ म्हणायचा तर ब्रह्मगुप्ताकडे जावं लागेल. 628 मध्ये, भिनमाळला, त्याने ब्रह्मस्फुटसिद्धान्ताच्या अठराव्या अध्यायात शून्य मिळवण्या-वजा करण्याचे नियम दिले. शून्याला शून्याने भागलं तर शून्य, असंही तो म्हणतो. ते चुकलं, पण तसा प्रश्न पडणं हीच मोठी गोष्ट.

ऑक्सफर्डचं प्रकरण वेगळंच आहे. तिथे परिषद नव्हती, मान्यताही नव्हती. तिथल्या बॉडलियन ग्रंथालयाने सप्टेंबर 2017 मध्ये बख्शाली या गणिताच्या जुन्या हस्तलिखिताच्या कार्बन चाचणीचे निकाल वर्तमानपत्रांना दिले, आणि त्या हस्तलिखिताचा ग्वाल्हेरशी काडीचा संबंध नाही. ते 1881 मध्ये पेशावरजवळच्या बख्शाली गावी सापडलं: भूर्जपत्राची 70 पानं, शारदा लिपी, शून्यासाठी ठिपका. तीन पानांचे निकाल आले 224 ते 383, 680 ते 779 आणि 885 ते 993. मथळ्यांनी पहिला आकडा उचलला. चाचणी सांगते भूर्जाची साल झाडावर कधी वाढली. शाई तिच्यावर कधी लागली ते सांगत नाही.

त्याच वर्षी किम प्लॉफ्कर, आगात केलर, ताकाओ हायाशी, क्लेमन्सी माँटेल आणि डॉमिनिक व्युयास्टिक या पाच अभ्यासकांनी ‘हिस्ट्री ऑफ सायन्स इन साउथ एशिया’ या नियतकालिकात सविस्तर उत्तर दिलं. हायाशी यांनी तर हा ग्रंथ आयुष्यभर अभ्यासलेला. त्यांचं म्हणणं साधं: लेखनाची धाटणी आणि विषयाचा ओघ पाहता हा एकसंध ग्रंथ आहे, तो थोडा तिसऱ्या आणि थोडा दहाव्या शतकात लिहिला जाणार नाही. शिवाय त्यातला ठिपका नुसता रिकामी जागा भरत नाही, तो गणितात भागही घेतो. तज्ज्ञांच्या तपासणीआधी बातमी देण्यावरही त्यांनी कान उपटले. मला विचाराल तर शारदा लिपी एवढी एकच गोष्ट पुरे आहे. तिसऱ्या शतकात ती लिपी होती कुठे?

परिषद म्हणजे न्यायालय, हा समजही यातूनच येतो. इंग्लंडमध्ये लीड्सला दर जुलैत मध्ययुगाच्या अभ्यासाची मोठी परिषद भरते. दीड तासाच्या सत्रात साधारण तीन निबंध, प्रत्येकी वीस मिनिटं, मग प्रश्न. निवड होते ती काही महिने आधी पाठवलेल्या छोट्या गोषवाऱ्यावरून. आपल्या इंडियन हिस्ट्री काँग्रेसमध्येही निबंध वाचला जातो, ‘मंजूर’ होत नाही. कुणी तिथे काही वाचलं, याचा अर्थ एवढाच की वाचलं.

आर्यभट: ‘स्थानात् स्थानं दशगुणं स्यात्’, म्हणजे प्रत्येक स्थान आधीच्याच्या दसपट, हे त्याचं आहे, पण तो आकडे अक्षरांनी लिहितो आणि त्या अक्षरांकांत शून्याचं चिन्ह नाही. अरब चोर: 1202 मध्ये इटलीतल्या पिसाचा गणिती फिबोनाची हे अंक ‘भारतीयांचे’ म्हणून शिकवतो. चोरीच्या मालावर मालकाचं नाव कोण ठेवतं?

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी, नाइलाजाने. बख्शालीवर काम करणारे इंग्रज अभ्यासक जी. आर. के (Kaye) खरंच आकसाने लिहीत. भारतीय गणिताचं मूळ बाहेर शोधायचं आणि काळ ओढून बाराव्या शतकात न्यायचा, ही त्यांची रीत. राग आहे तो त्यांच्यावर काढा, लेखावर नको.

पाहायला जाणार असाल तर पूर्वेकडच्या ग्वाल्हेर दरवाज्याने पायी चढा. पश्चिमेच्या उरवाई दरवाज्याकडून गाडीने गेलात तर हे मंदिर वाटेत लागतच नाही. लक्ष्मण दरवाज्याच्या अलीकडे ते आहे. 933 चा लेख आत, गाभाऱ्याच्या भिंतीवर. टॉर्च न्या, खडू घरी ठेवा, आणि मोठं वर्तुळ शोधत बसू नका. ते शेजारच्या 7 पेक्षा बारीक आहे.