मामांची तीन पत्रे

आज गावच्या शाळेतील कार्यक्रमात सूत्रसंचालकांनी भारतीय सैन्याची युद्धे ओळीने सांगितली आणि एकाहत्तरवरून थेट कारगिलवर उडी मारली. पहिल्या रांगेत माझे मामा बसले होते. श्रीलंकेतील शांतिसेनेत त्यांनी सव्वा वर्ष काढले आहे. ते काहीच बोलले नाहीत. राग मला आला आणि तो अजून उतरलेला नाही.

२९ जुलै १९८७ रोजी पंतप्रधान राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांनी कोलंबोत करार केला. तिथल्या बंडखोर तामिळ गटांची शस्त्रे जमा करायला गेलेले आपले सैन्य ऑक्टोबरपासून, ज्यांना एकेकाळी आपणच प्रशिक्षण दिले, त्याच एलटीटीई या तामिळ बंडखोर संघटनेशी श्रीलंकेच्या उत्तरेला जाफन्यात लढू लागले. अकराशेहून अधिक जवान कामी आले. परमवीरचक्राचे मानकरी, मुंबईत जन्मलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन हे महार रेजिमेंटचे, एवढे तरी त्या सूत्रसंचालकांना ठाऊक असायला हवे होते.

पण माझे भांडण त्यांच्याशी नाही, ते दिल्लीशी आहे. आजीच्या ट्रंकेत मामांची तीन पत्रे होती. १९८९च्या जूनमध्ये श्रीलंकेचे नवे अध्यक्ष प्रेमदासांनी जुलैअखेर निघून जा म्हणून सांगितले, तेव्हा मामांनी लिहिले, ‘बेंदराला नाही, पण नागपंचमीला घरी असेन.’ आजीने घर सारवून ठेवले. दिल्लीने ती मुदत मानली नाही. सप्टेंबरात ३१ डिसेंबर ही तारीख ठरली. दुसऱ्या पत्रात संक्रांत आली आणि आजीने तीळ निवडून ठेवले. तीही तारीख हुकली.

घाईने निघालो असतो तर आपल्यावर विसंबलेल्या तिथल्या तामिळांचे हाल झाले असते, हे खरे. ते तसेही झालेच. पुढचे पंतप्रधान विश्वनाथ प्रताप सिंह यांनी सैन्य परत आणले, त्याचे श्रेय त्यांना देतो. राजीव गांधींना या प्रकरणाची किंमत एलटीटीईच्या हातून प्राण देऊन मोजावी लागली, हेही नाकारत नाही, आणि ते लिहिताना माझा आवाज खाली येतो. तरीही हत्या होणे म्हणजे जाब देणे नव्हे. ब्रिटनने इराक युद्धाची चौकशी सात वर्षे चालवली, ब्लेअर यांना साक्षीला बसवले. सैन्य नेमके कशासाठी पाठवले, परत कधी आणि कसे आणायचे याचा विचार पाठवताना कोणी केला होता का, हे आपल्याकडे कोणत्या मंत्र्याला असे जाहीरपणे विचारले गेले? तुम्हाला वेगळे सांगायला नको.

२४ मार्च १९९० रोजी अखेरची तुकडी त्रिंकोमालीहून निघाली. मद्रास बंदरात मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला आले नाहीत. ज्या देशाने आपल्याला जा म्हटले, त्याने मात्र कोलंबोजवळ आपल्या जवानांचे स्मारक बांधले.

आज कार्यक्रमाहून परतताना मी मामांना विचारले, ‘वाईट वाटले का?’ ते म्हणाले, ‘त्या पोराचा काय दोष? त्याला कोणी शिकवलेच नाही.’ मग घरी येऊन त्यांनी तिसरे पत्र काढून दाखवले. फेब्रुवारीतले आहे. खुशाली, पगाराचा हिशेब, बैलाची चौकशी आणि शेवटी एक ओळ: ‘आईला सांगा, या वेळी तारीख लिहीत नाही.’