टीप द्यायची तर विनाअट द्या

डिलिव्हरीवाल्याला टीप द्यावी का, हा विषय निघाला की लगेच दोन तट पडतात. एक तट म्हणतो, "त्याला कंपनी पैसे देते, मी वर कशाला देऊ?" दुसरा म्हणतो, "टीप न देणारा माणूस कंजूष." मला दोन्ही पटत नाही. टीप द्यायची की नाही, हा ज्याच्या त्याच्या खिशाचा प्रश्न आहे. ती देणं कुणावर बंधनकारक नाही आणि न देणारा वाईटही ठरत नाही. मला संताप येतो तो टीप हातात धरून समोरच्या माणसाची परीक्षा घेणाऱ्यांचा.

"आधी बघू कसं काम करतो, मग ठरवू." हे वाक्य फार सहज बोललं जातं. पण पार्सल उशिरा आलं तर त्यात आणणाऱ्याचा हात किती? दुकानात पॅकिंगला वेळ लागला, नकाशाने चुकीच्या गेटवर नेलं, लिफ्ट बंद होती. ज्या गोष्टीचा आपल्याला राग येतो, ती बहुतेक वेळा पार्सल त्याच्या हातात पडण्याआधीच घडलेली असते. तरी टीप कापली जाते ती त्याचीच, कारण दारात तोच उभा असतो.

शिवाय टीपमुळे काम सुधारतं, हा समजही तपासून बघण्यासारखा आहे. कॉर्नेल विद्यापीठातले मायकेल लिन यांनी वेटरना मिळणाऱ्या टीपचा अनेक वर्षं अभ्यास केला. सेवा किती चांगली होती आणि टीप किती मिळाली, यांचा संबंध अगदीच क्षीण असल्याचं त्यांना आढळलं. माझ्या मते तरी टीपचा आकडा बिलाच्या रकमेवर, देणाऱ्याच्या सवयीवर आणि त्याच्या त्या दिवशीच्या मूडवर ठरतो. मग तो आकडा म्हणजे समोरच्याच्या कामाचे मार्क, असं कुठल्या तोंडाने म्हणायचं?

याहून वाईट प्रकार म्हणजे आमिष. ऑर्डर देताना अ‍ॅपवर भरघोस टीप दाखवायची, ती बघून कुणीतरी ऑर्डर उचलतो, धावतपळत सामान आणून देतो, आणि दार लागल्यावर टीप शून्यावर आणायची. 2020 मध्ये कोरोनाच्या काळात, लोक जीव मुठीत धरून घरोघर सामान पोचवत होते तेव्हा, अमेरिकेत असे प्रकार उघडकीला आले. याला हुशारी म्हणणारे लोक भेटतात. ही सरळ फसवणूक आहे. जी रक्कम दाखवून काम करून घेतलं ती काम झाल्यावर काढून घेण्याची सोय अ‍ॅपवाल्यांनी ठेवूच नये.

आणि हो, कंपन्यांबद्दलही बोललंच पाहिजे. टीपच्या आडून पगार वाचवण्याची युक्ती जुनी आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर पुलमन कंपनीने रेल्वेच्या शयनडब्यांत गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांना पोर्टर, म्हणजे प्रवाशांची सेवा करणारे कामगार, म्हणून नेमलं. पगार तुटपुंजा, भिस्त प्रवाशांच्या टीपवर. त्यांनी 1925 मध्ये स्वतःची युनियन काढली आणि कंपनीशी पहिला करार व्हायला 1937 साल उजाडलं. पुढे 1966 मध्ये तिथल्या कायद्यानेच टीप किमान वेतनात धरायला मालकांना मुभा दिली. टीप मिळवणाऱ्या कामगाराला मालकाने रोख द्यायचं केंद्रीय किमान वेतन 1991 पासून तासाला 2.13 डॉलरवर अडकलंय. टीप धरूनही नेहमीचं किमान वेतन भरलं नाही, तर फरक मालकाने द्यायचा, असा नियम आहे. पण तो फरक मागायचा कुणी? ज्याची उद्याची शिफ्ट मालकाच्या हातात आहे त्याने?

डिलिव्हरीच्या धंद्यात हेच नव्या रूपात आलं. ग्राहकांनी ड्रायव्हरना दिलेल्या टीपचा काही भाग अ‍ॅमेझॉन फ्लेक्स या डिलिव्हरी सेवेने स्वतःकडे ठेवला, असा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेने केला आणि 2021 मध्ये कंपनीने 6.17 कोटी डॉलर देऊन ते प्रकरण मिटवलं. ब्रिटनने 1 ऑक्टोबर 2024 पासून टीपमधून एक पैसाही न कापता ती कामगारांपर्यंत पोचवणं मालकांना बंधनकारक केलं. उत्तम कायदा. पण स्वयंरोजगारित, म्हणजे नोकर नव्हे तर स्वतंत्रपणे काम करणारे, असे ठरवलेले लोक त्यात येत नाहीत, आणि अ‍ॅपवर काम करणाऱ्या कितीतरी जणांची नोंद नेमकी तशीच असते.

म्हणून माझा आग्रह असा की शक्य असेल तिथे टीप रोख द्या, ज्याने काम केलं त्याच्याच हातात द्या. अ‍ॅपमधून देत असाल तर "तुम्हाला पूर्ण मिळते का?" एवढं विचारा, लोक खरं सांगतात. हॉटेलच्या खोलीत रोजच्या रोज ठेवा, शेवटच्या दिवशी एकदम नको, कारण शिफ्ट बदलतात आणि खोली साफ करणारी बाई रोज तीच असेल असं नाही. सोबत "तुमच्यासाठी" अशी चिठ्ठी ठेवा, नाहीतर कुणाचे तरी विसरलेले पैसे समजून ती हातही लावत नाही. कुणी नको म्हणालं तर गळ घालू नका. काही ठिकाणी टीप घेतली म्हणून नोकरी जाऊ शकते. जपानमध्ये तर ठेवलेले पैसे परत द्यायला माणूस मागे धावत येतो.

दारात आलेल्या माणसाकडे एकदा नीट बघा. हेल्मेट डोक्यावरच, एका हातात पार्सल, दुसऱ्या हातात मोबाईल आणि अंगठा "डिलिव्हर्ड"च्या बटणावर टेकलेला. पुढच्या ऑर्डरची वेळ सुरू झालेली असते. अशा वेळी "थांबा हं, सुट्टे बघते" म्हणून त्याला दहा मिनिटं ताटकळत ठेवलं, तर ती टीप त्याला महागात पडते. द्यायचे असतील तर पैसे आधीच काढून ठेवा. एका डिलिव्हरीवाल्या दादांना मी विचारलं होतं, गिऱ्हाइकाचं काय आवडतं? मला वाटलं टीप म्हणतील. ते म्हणाले, "ताई, जे फोन उचलतात ना, ते."

पैसे द्यायला जमत नसेल तर नका देऊ, त्यात ओशाळण्यासारखं काही नाही. पत्ता नीट टाका, फोन उचला, वॉचमनला आधी सांगून ठेवा. रेटिंग देताना वस्तूचा राग माणसावर काढू नका. अनेक अ‍ॅपवर रेटिंग घसरलं की काम मिळणं कमी होतं, कधी खातंही बंद होतं. वस्तू खराब निघाली तर तक्रार कंपनीकडे करा, अगदी खरमरीत करा, आणि त्यात पार्सल आणणाऱ्याची चूक नव्हती हे एक वाक्य आठवणीने लिहा.