काहीच न घडण्याची टक्केवारी

कंपनीचे सर्व्हर आणि नेटवर्क सांभाळणाऱ्या इन्फ्रास्ट्रक्चर टीमचं काम चोख चाललं असेल, तर त्याचा कोणाला पत्ताही लागत नाही. सर्व्हर पडला नाही, डिस्क भरली नाही, सर्टिफिकेट एक्सपायर झालं नाही, बॅकअप रिस्टोर करताना कोणी रडलं नाही. अशा ‘नाही’ने संपणाऱ्या वाक्यांबद्दल आम्हाला पगार मिळतो. पण क्वार्टर, म्हणजे नवी तिमाही, सुरू झाला की हीच वाक्यं ‘गोल’ म्हणजे उद्दिष्टं म्हणून आकड्यांत मांडायची असतात. मग न पडलेले सर्व्हर मोजायला आम्ही कॉन्फरन्स रूममध्ये जमतो.

आमच्या मॅनेजरबाई स्वभावाने चांगल्या आहेत; फक्त स्प्रेडशीट उघडली की त्यांचा चेहरा बदलतो. मी लिहिलं होतं, ‘सिस्टिम अधिक भरवशाची करणे.’

‘‘हे गोल नाही रे, ही सदिच्छा आहे. नंबर कुठाय?’’

‘‘किती लिहू?’’

‘‘आत्ता किती आहे?’’

खोलीत शांतता. आत्ता किती आहे, हे कोणीच कधी मोजलेलं नव्हतं. त्यामुळे पहिल्या क्वार्टरचं गोल ठरलं, ‘आत्ता किती आहे ते शोधणे’. ते शोधलं. आकडा इतका वाईट निघाला की पुढच्या क्वार्टरला ‘मोजण्याची पद्धत सुधारणे’ हे गोल घ्यावं लागलं.

या साऱ्याचं मूळ तसं भारदस्त आहे. उद्दिष्टं ठरवून कारभार हाकायची कल्पना व्यवस्थापनतज्ज्ञ पीटर ड्रकर यांनी १९५४ साली मांडली. १९७०च्या दशकात अँडी ग्रोव्ह यांनी ती इंटेलमध्ये घासूनपुसून घेतली. कुठे जायचंय ते ठरवा आणि तिकडेच चाललोय हे कशावरून कळेल तेही लिहा, एवढंच त्यांचं म्हणणं. इंटेलमध्ये हे शिकलेले जॉन डोर १९९९ साली तीच गोष्ट गूगलला सांगून आले आणि तिथून ओकेआर (ऑब्जेक्टिव्ह्ज अँड की रिझल्ट्स) नावाने ती जगभरच्या कॉन्फरन्स रूममध्ये पोचली. ग्रोव्ह यांना मी दोष देत नाही. त्यांच्याकडे चिपा बनत होत्या. बनलेली चिप हातात घेऊन मोजता येते.

सगळ्यात मानाचं गोल म्हणजे अपटाइम, सिस्टिम किती टक्के वेळ चालू राहिली तो आकडा. त्याला आम्ही ‘नाइन्स’ म्हणतो. तीन नाइन्स, म्हणजे ९९.९ टक्के: तीस दिवसांत साधारण ४३ मिनिटं बंद राहायची मुभा. चौथा नाइन जोडला की तीच मुभा चार मिनिटांवर येते. स्लाइडवर तो नाइन जोडायला एक कळ दाबावी लागते. प्रत्यक्षात काय होतं, तर मध्यरात्री अलर्ट वाजतो. ऑन-कॉलवाला, म्हणजे त्या रात्री बिघाडाला धावायची ज्याची पाळी तो, उठतो, चष्मा शोधतो, लॅपटॉप उघडतो. लॅपटॉप अपडेट घ्यायला बसतो. मग व्हीपीएन, म्हणजे घरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायची सुरक्षित वाट. व्हीपीएनला ओटीपी. ओटीपी ज्या फोनवर येणार, तो चार्जिंगला दुसऱ्या खोलीत. तो फोन घेऊन परत येईपर्यंत महिन्याची मुभा संपलेली असते आणि अजून त्याने एकही कमांड टाईप केलेली नसते. पाच नाइन्सवाल्यांना तर वर्षाकाठी पाच मिनिटं आणि काही सेकंद मिळतात. त्यांच्याकडे ऑन-कॉलवाला झोपतच नसावा.

त्यात ‘बंद’ म्हणजे काय, यावर एक वेगळी मीटिंग होते. लॉगिनचं पान गरगर फिरतंय, ग्राहक शिव्या घालताहेत आणि नेटवर्कवाला सर्व्हरला पिंग, म्हणजे नुसती हाक, मारून शांतपणे सांगतो, ‘‘पिंगला उत्तर देतोय. सर्व्हर जिवंत आहे.’’ वैद्यकीयदृष्ट्या त्याचं बरोबर असतं. शिवाय पूर्वसूचना देऊन केलेला मेंटेनन्स अपटाइममधून वगळायचा असा नियम आहे. नियम झाल्यापासून आमच्याकडे पूर्वसूचना फार वाढल्या. काही तर घटनेनंतर येतात.

मग अलर्टचं गोल. रोज इतके अलर्ट येतात की ते कोणी वाचत नाही, हे खरं दुखणं होतं. म्हणून लिहिलं, ‘अलर्टची संख्या निम्म्यावर आणणे.’ आमच्या मॉनिटरिंगवाल्याने ते एका दुपारात केलं. डिस्क ८० टक्के भरली की वाजणारा अलर्ट त्याने ९५वर नेला. आलेख असा झक्क खाली आला की बाईंनी तो वरच्या साहेबांना पाठवला. थोड्याच दिवसांत एक डिस्क ९५ ते १०० हा प्रवास सिस्टिमच्या नोंदी साठवणाऱ्या एका लॉग फाइलच्या जोरावर काही मिनिटांत उरकून मोकळी झाली. अलर्ट आला, पण मागोमाग डेटाबेसही गेला. गोल मात्र शीटवर हिरवंच, म्हणजे ‘ठीक’, राहिलं. अलर्ट एकच तर आला होता.

दुरुस्तीच्या सरासरी वेळेची कथा याहून सुरस. सरासरी कमी करायची म्हणजे बिघाड लवकर दुरुस्त करायचे, असं भोळ्या माणसाला वाटतं. डेटाबेसवाल्याने गणित मांडून दाखवलं: चार तासांचा एक मोठा बिघाड झालाय, तो आता पुसता येत नाही. पण दोन-दोन मिनिटांचे वीसेक छोटे बिघाड झाले, तर सरासरी पंधरा मिनिटांच्या खाली येते. खोलीतले सगळे त्याच्याकडे आदराने बघायला लागले. बाईंनी पेन खाली ठेवलं. चार्ल्स गुडहार्ट नावाच्या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९७५ सालीच बजावलं होतं, की नियंत्रणासाठी एखाद्या आकड्यावर भार टाकला की तो आकडा दगा देतो. त्यांच्यासमोर ब्रिटनचं चलनधोरण होतं. आमचा डेटाबेसवाला त्यांना भेटला असता, तर उदाहरणांची ददात नव्हती.

ट्रॅकिंग दर सोमवारी. प्रत्येक गोलासमोर हिरवा, पिवळा किंवा लाल रंग भरायचा. लाल भरला की ‘ब्लॉकर काय?’, म्हणजे कुठे अडलंय, विचारतात, मग एक उपमीटिंग, मग त्या उपमीटिंगचे ॲक्शन आयटम. पिवळा भरला तर फक्त ‘काही मदत हवी का?’ विचारतात, पण ती मदत म्हणजे आणखी एक मीटिंगच. म्हणून सगळे हिरवा भरतात. बाहेरून हिरवं, आतून लाल, अशा गोलाला धंद्यात कलिंगड म्हणतात. दहाव्या-अकराव्या आठवड्यात आमची शीट पाहावी, वाडीच पिकलेली असते. त्यानंतर भाषा बदलू लागते. ‘मायग्रेशन (म्हणजे सर्व्हर हलवणं) पूर्ण करणे’चं हळूच ‘मायग्रेशनची तयारी पूर्ण करणे’ होतं, मग ‘तयारीचा आढावा घेणे’. आढावा वेळेत होतो.

या सगळ्यात जे खरोखर करायला हवं, ते शीटवर येतच नाही. आमच्याकडे एक सर्व्हर आहे, त्याला सगळे ‘जुना बॉक्स’ म्हणतात. त्याची ऑपरेटिंग सिस्टिम सेंटओएस ७. तिचा सपोर्ट ३० जून २०२४ला संपला. तो कधी रिस्टार्ट झालेला कोणी पाहिलेला नाही. त्यावर रोज रात्री दोन वाजता एक क्रॉन जॉब, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप होणारं काम, चालतो आणि कंपनी सोडून गेलेल्या माणसाच्या पत्त्यावर रिपोर्ट पाठवतो. तो रिपोर्ट बंद केला तर काय होईल, हे विचारायचं धाडस कोणात नाही. कारण एकदा त्याची केबल जरा हलली, तर दुसऱ्याच मजल्यावर हजेरीची सिस्टिम बसली होती. सर्व्हर हलवण्याची आमची मोहीम कायम ९० टक्क्यांवर असते. उरलेले दहा टक्के म्हणजे हा बॉक्स.

परवा मी धीर करून नव्या क्वार्टरसाठी लिहिलं, ‘जुना बॉक्स एकदा रिस्टार्ट करणे.’

‘‘हे हो-नाही झालं. नंबर हवा,’’ बाई म्हणाल्या. ‘‘आणि जरा महत्त्वाकांक्षी हवं. गूगलवालेच सांगतात, ०.६ ते ०.७ स्कोअर आला की समजायचं गोल नीट ठरवलं होतं. दरवेळी पूर्ण एक आला तर गोल सोपं होतं.’’ एवढं बोलून त्यांनी शीटमध्ये टार्गेट भरलंसुद्धा: ०.७.

मी डेटाबेसवाल्याकडे बघितलं. त्याने क्षणभर हिशेब केला आणि म्हणाला, ‘‘मॅडम, ०.७ रिस्टार्ट म्हणजे तो बंद होतो, पण परत चालू होत नाही.’’

‘‘मग हिरवा ना?’’ असं म्हणून बाई पुढच्या ओळीकडे वळल्या.